आधी गाव सांगा

आमच्या घरमालकांचा कुत्रा फिरायला निघाला की दिसेल त्याच्या अंगावर जाई. पट्टा ताणून मागच्या दोन पायांवर उभा राही, दात दाखवी आणि भुंकून भुंकून सगळी गल्ली डोक्यावर घेई. घरमालकांचं म्हणणं एवढंच होतं, की तो भुंकत नाही, विचारतो. काय विचारतो? तर गाव. "वळख नही म्हनीसन इचारस," असं ते सांगत. माणसाने आपलं गाव सांगावं, कोणाच्या घरचा ते सांगावं, की विषय मिटला. काही न सांगता समोरून निघून जायचं आणि वर कुत्र्यालाच पिसाळलेला म्हणायचं, ही कुठली रीत, असं तेच उलट विचारत.

त्यांना सगळी गल्ली आप्पा म्हणे, म्हणून मीही म्हणू लागले. मूळचे धुळ्याकडचे. उमेदीची सगळी वर्षं सुरतेत मागांच्या खात्यात मास्तर म्हणून गेली. खातं म्हणजे मागांचा कारखाना, मास्तर म्हणजे तिथला मुकादम. एका छपराखाली इतके माग खडखडत असतात की शेजारी उभ्या माणसाशी खुणेने बोलावं लागतं. त्या खडखडाटात आप्पांचे कान गेले. साधं बोललेलं त्यांना ऐकू येत नसे, आणि स्वतः मात्र अजून माग चालू असल्यासारखे ओरडून बोलत. "चहा ठेव" एवढं जिजींना म्हणायचे तरी गल्लीबाहेर भेस्तानच्या रेल्वे फाटकापर्यंत कळे. जिजी म्हणजे त्यांची बायको. त्या बारीक आवाजाच्या, निम्मं बोलणं पदराआड करणाऱ्या.

मी हिंगोलीकडची. सुरतेतच मराठी शाळेत शिकवते, आणि आमचे हे तेव्हा इच्छापोरला एका कंपनीत कंत्राटावर होते. खोली बघायला आम्ही दोघं गेलो, तेव्हा आप्पांनी काहीतरी विचारलं आणि यांनी सभ्यपणे हळू उत्तर दिलं. आप्पांचा चेहरा पडला. मग मी बोलले. वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचावा असा माझा आवाज आहे. माहेरी त्यावरून पुष्कळ बोलणी खाल्लीत. आप्पा मात्र खूश झाले, बाईंचं बोलणं स्वच्छ आहे असं जिजींना म्हणाले आणि खोली आम्हाला मिळाली. बाहेर पडून उन्हासाठी मी छत्री उघडली, तर तो कुत्रा असा झेपावला की मी चप्पल तिथेच सोडून पळाले. मागून आप्पा ओरडत होते, की पळता कशाला, गाव सांगा.

कुत्र्याचं नाव वऱ्हाडी. कुठल्याशा लग्नाच्या वऱ्हाडामागोमाग तो गल्लीत आला, पंगतीच्या कडेला जेवला, मांडव उतरला तरी गेला नाही. मुलाकडचे म्हणाले मुलीकडचा असेल, मुलीकडचे म्हणाले मुलाकडचा. शेवटी आप्पांनी त्याला घरी नेलं. त्याच्या रागाचं मूळ त्यांच्या मते इथेच होतं. ज्याला स्वतःचंच गाव माहीत नाही तो येणाऱ्याजाणाऱ्याला विचारणारच. म्हणून त्यांनी त्याला स्वतःचं गाव देऊन टाकलं होतं. कोणी विचारलं की हा आमच्या गावचा, असं ठासून सांगत. मागाचा एक जुना चामडी पट्टा त्याच्या गळ्यात बांधलेला असे, दुसरं टोक आप्पांच्या मनगटाला. संध्याकाळी दोघं निघाले की गल्लीतल्या बायका मुलांना आत ओढून घेत.

आपला तो बाब्या हे खरं, पण एका आखाजीला गोष्ट हाताबाहेर गेली. आखाजी म्हणजे अक्षय्यतृतीया. आमच्या हिंगोलीला तो आंबरसाचा दिवस, पण गल्ली बहुतेक खानदेशी, आणि खानदेशात तो लेकींचा सण. झोके बांधतात, गाणी होतात, सासरी गेलेली प्रत्येक पोर माहेरी येते. समोरच्या घरातल्या नानांची एकुलती एक लेक बारडोलीला दिलेली. जावई तिथे साखर कारखान्यात. तो बायकोला मोटारसायकलवर घेऊन गल्लीच्या तोंडाशी पोचला, आणि आप्पा-वऱ्हाडी नेमके समोरून. वऱ्हाडीने विचारलं. जावयाने उत्तर म्हणून लाथ उगारली. नव्या पँटची मागची बाजू वऱ्हाडीच्या तोंडात राहिली आणि जावई बायकोसकट तिथूनच माघारी गेला. सासरच्या उंबऱ्याला पाय न लावता जावई परत जाणं म्हणजे काय, हे खानदेशी माणसालाच विचारावं. दिवाळीलाही लेक आली नाही. नाना सरळ येऊन सांगून गेले, की येत्या आखाजीला माझी लेक दारात यायला पाहिजे. नाही आली तर कुत्र्याला मी स्वतः टेम्पोत घालून बारडोलीच्या उसात सोडून येईन. गल्ली नानांच्या बाजूची होती. मीही होते, खोटं कशाला बोलू?

आप्पांना हे नानांनी दोनदा ओरडून सांगितलं. दुसऱ्यांदा त्यांना ऐकू आलं, तसे ते ओट्यावर बसले आणि बराच वेळ वऱ्हाडीच्या कानामागे खाजवत राहिले. 

मग जिजींनी त्यांना उधन्याच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर गुजराती, सज्जन आणि मऊ बोलणारे. त्यांनी समजावलं, की फिरायला नेताना समोरच्या माणसाला लांबच थांबू द्या, त्याने डोळ्याला डोळा न देता कडेला तोंड करून उभं राहावं, कुत्रा शांत राहिला की तोंडात काहीतरी तुकडा द्या, आणि हे रोज करा. आप्पा पूर्ण वेळ मान डोलवत होते. बाहेर येऊन त्यांनी जिजींना सांगितलं, की बघ, डॉक्टरही तेच म्हणाला, सगळ्यांशी ओळख करून द्या. जिजींनी वाद घातला नाही. त्यांनी घरी येऊन भाकरीचे तुकडे केले, आप्पांच्या सदऱ्याचा खिसा भरला आणि गल्लीत घरोघरी जाऊन प्रत्येकाला कुठे आणि कसं उभं राहायचं ते सांगून आल्या. डॉक्टरांचा उपाय आणि आप्पांची रीत त्या दिवसापासून एकाच खिशातून चालू लागली.

तो हिवाळा गल्ली विसरणार नाही. संध्याकाळी कामावरून येणारा माणूस कोपऱ्यावर दिसला की आप्पा हात वर करत. तो विजेच्या खांबाजवळ थांबे, भिंतीकडे तोंड करे. आप्पा विचारत, "कोन्ता गावना?" तो भिंतीला सांगे. आप्पांना ऐकू जात नसे. तो ओरडे. मग कोणाच्या घरचा, मामा कुठले, बहीण कुठे दिली, तिचा सासरा काय करतो, असं एकेक विचारत आप्पा जात, आणि कुठेतरी धागा सापडेच. सापडला की "आते आपला माणूस शे, बस," असं ते वऱ्हाडीला म्हणत आणि तुकडा देत. धागा सापडेपर्यंत माणसाला हलायची सोय नव्हती. पिशवीतली भाजी कोमेजे, मागे मोटारसायकलींची रांग लागे, पण सोयरीक निघाल्याशिवाय रस्ता मोकळा होत नसे.

सगळी उत्तरं गल्लीभर ओरडून द्यायची, त्यामुळे जे वर्षानुवर्षं झाकून ठेवलं होतं ते उघड्यावर आलं. आमच्या शेजारचे एक गृहस्थ 'आम्ही खास धुळे शहरातले' असं मिरवत असत. वऱ्हाडीच्या दातांसमोर त्यांनी एका वाडीचं नाव घेतलं, जिथे अजून एसटीही जात नाही. दुसऱ्या एकाच्या तोंडून त्याची पहिली सासुरवाडी निघाली. दुसरी बायको तेव्हा खिडकीत उभी होती. आणि दोन घरं, ज्यांचं रोज वाटीचं येणंजाणं होतं, ती चुलत्यांच्या लग्नात एकमेकांशी भांडलेल्या भाऊबंदांची निघाली. ओळख निघाली आणि बोलणं बंद झालं. आप्पांना त्याचं काही नव्हतं. भांडण तर भांडण, पण नातं आहे ना, असं त्यांचं मत.

खरा पेच कोपऱ्यावरच्या किराणावाल्या काकांनी टाकला. "आप्पा, हूं तो सुरती छूं. मारुं गाम सुरत ज छे," ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले. आप्पांना वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. काकांनी पुन्हा सांगितलं. आप्पांचा विश्वासच बसेना. सुरत हे गाव कसं असेल? सुरत हे कामाचं ठिकाण. इथे सगळे दुसरीकडून येतात. काका बिचारे, बापजाद्यांपासून सुरतेचे, स्वतःच्याच दुकानासमोर उभं राहून आपण इथलेच आहोत हे पटवून देत होते. शेवटी त्यांची सासू नवापूरची निघाली. नवापूर म्हणजे आपल्या हद्दीवरचं, तेव्हा आप्पांनी त्यांना पदरात घेतलं. गंजमकडच्या ओडिया गॅसवाल्याचंही असंच. गाव कळेना, भाषा कळेना. पण तो एके काळी आप्पांच्याच खात्यात माग चालवायचा असं निघालं. एका खात्याचे म्हणजे सख्खे भाऊच, असा निकाल लागला.

राहिले मी. हिंगोली म्हटल्यावर आप्पांनी मान हलवली. तिथे आपलं कोणी नाही, असं ते इतक्या दुःखाने म्हणाले की मलाच अपराधी वाटलं. संध्याकाळमागून संध्याकाळ मी छत्री मिटून खांबाजवळ उभी राहायची आणि माझं सगळं गणगोत ओरडून सांगायची. परभणी, नांदेड, वसमत. काही जुळेना. वऱ्हाडी गल्लीत सगळ्यांशी गप्प झाला तरी माझ्यावर तुटून पडायचा. आता मला वाटतं ते छत्रीमुळे असावं. आप्पांना मात्र शंका नव्हती. सोयरीक नाही, तर तो तरी काय करणार? मग एकदा मी बोलता बोलता म्हणाले की मावसबहीण भुसावळला दिलीय. आप्पा थरारले. भुसावळला कुठे, कोणत्या आळीत, मागे चक्की आहे का? होती. चक्कीच्या पलीकडे आप्पांचे साडू. "मंग आधी सांगता नही का, बाई," ते ओरडले, आणि आनंदाच्या भरात वऱ्हाडीऐवजी भाकरीचा तुकडा मलाच दिला. मी तो खाल्ला. परक्या शहरात कोणीतरी आपल्याला आपलं म्हटलं की डोळे भरून येतात, मग निमित्त कुत्रा का असेना.

आखाजी आली. नानांनी हातापाया पडून जावयाला तयार केलं होतं. दुपार कलताना मोटारसायकल गल्लीच्या तोंडाशी आली. नानांची लेक मागून उतरून जागेवरच उभी राहिली. ओट्याओट्यावर माणसं. नानांनी टेम्पो सांगून ठेवला होता, तो कोपऱ्यावर दिसत होता. आप्पा वऱ्हाडीला घेऊन रस्त्याच्या मधोमध. मनगटाला पट्टा, दोन्ही खिसे भाकरीने फुगलेले. त्यांनी हात वर केला आणि गाव विचारलं.

जावयाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी माझ्या सासऱ्याच्या दारात कुत्र्याला गाव सांगू का, असं तो म्हणाला. आप्पांना ऐकू आलं नाही, त्यांनी पुन्हा विचारलं. वऱ्हाडीच्या गळ्यातून घुरघुर निघायला लागली. तेव्हा नानांची लेक नवऱ्याला हळूच म्हणाली, "सांगा ना हो. मला आईकडे जायचंय." एवढंच. त्या पोराने दात ओठ खात भिंतीकडे तोंड केलं आणि ओरडून गाव सांगितलं. वडिलांचं नाव सांगितलं. काही जुळलं नाही. आईचं माहेर विचारलं, त्याने सांगितलं.

ते आप्पांचं गाव होतं.

आप्पांच्या गावची लेक म्हणजे आप्पांची बहीण, आणि तिचा मुलगा म्हणजे भाचा. त्यांच्यात भाचा देवाच्या ठिकाणी, मामाने त्याच्या पाया पडायचं असतं. आप्पा जसे होते तसे पुढे गेले, वाकले आणि दोन्ही हातांनी जावयाच्या पाया पडले. दोन्ही हात लावायचे म्हणजे मनगटातला पट्टा काढायला हवा. तो त्यांनी काढून बाजूला ठेवला होता, चपला काढून ठेवाव्यात तसा.

वऱ्हाडी सुटला. नाना मटकन खाली बसले.  वऱ्हाडी धावत जावयापर्यंत गेला, त्याच्या पुढ्यात बसला आणि त्याच्या हातांकडे बघू लागला. गाव झालं, सोयरीक झाली, आता तुकडा. एवढंच त्याला शिकवलं होतं. आप्पा अजून वाकलेलेच, खिसे त्यांच्याकडे. जावयाच्या हातात सासुरवाडीसाठी आणलेला, घारी या सुरती मिठाईचा पुडा होता. त्याने पुडा उघडून एक घारी खाली ठेवली. वऱ्हाडीने ती खाल्ली आणि त्याचे बूट हुंगले. नानांची लेक तोवर पळतच आईच्या गळ्यात पडली होती. टेम्पो रिकामा परत गेला.

इथे गोष्ट संपायला हवी होती. गल्लीच्या दृष्टीने संपलीच. वऱ्हाडी माझ्या उघड्या छत्रीलाही काही म्हणेनासा झाला. मुलं त्याच्या अंगावरून उड्या मारू लागली. सगळ्यांच्या सोयरिकी निघालेल्या, त्यामुळे थांबायचं कारण कोणाला उरलं नाही. लोक आप्पांना लांबून हात करत आणि पुढे जात.

आप्पा मात्र उतरत चालले. फिरायला निघाले की चार पावलांवर मागे वळून बघत, कुत्रा आहे की नाही. एकदा रस्त्यात बसून त्यांनी वऱ्हाडीचं तोंड उघडून आत पाहिलं. मला म्हणाले, "हाऊ आते बोलत नही." कोणी त्याचा अपमान केला का, असं त्यांनी घरोघरी विचारलं. रुसला असेल म्हणून टॉवेल-टोपी आणून त्याचा मान केला. वऱ्हाडी टोपी घालून शांत बसून राहिला. गल्ली पोट धरधरून हसली, मीही हसले. मग जिजींकडे बघितलं आणि हसू गेलं.

त्या दुपारी जिजी माझ्याकडे निवडायला मेथी घेऊन आल्या. "त्यासले वऱ्हाडीना आवाज ऐकू येस, माय," त्या म्हणाल्या. "मन्हा नही येत." मी म्हटलं, ओरडून बोललं की येतो की.  ओरडून भांडण होतं, म्हणाल्या, गप्पा होत नाहीत. कान गेल्यापासून लोक त्यांच्याशी कामापुरतं ओरडत आणि निघून जात. हा कुत्रा तेवढा त्यांना ऐकू येईल असा आणि दिवसभर बोलायचा. हिवाळाभर तर सगळी गल्ली बोलली. आता सगळेच शहाणे झाले. एवढं सांगून त्यांनी मेथी उचलली आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना मी कोपऱ्यावर थांबले. समोरून आप्पा आणि वऱ्हाडी येत होते. मी काळी छत्री मिटली, आणि ते जवळ आल्यावर त्यांच्या तोंडासमोर फाडकन उघडली. खांबाजवळ थांबले नाही, भिंतीकडे तोंड केलं नाही, वऱ्हाडीच्या डोळ्यात डोळे घालून सरळ चालत गेले.  तो क्षणभर गोंधळला. मग त्याने मागच्या पायांवर उभं राहून असं तोंड उघडलं, की किराणावाले काका दुकानातून बाहेर आले.

आप्पांचा चेहरा बघायला हवा होता.

"बाई, तुमनी तं वळख निंघनी व्हती ना?" ते ओरडले. मी शेवटच्या बाकाच्या आवाजात विचारलं, "कुठली ओळख?" भुसावळ, चक्की, साडू, सगळं त्यांनी मला आठवून दिलं. मी म्हटलं, आमचं भुसावळला कोणी नाही.  आप्पांनी पट्टा मनगटाला एक वेढा जास्त दिला, घसा साफ केला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. कोणत्या गावच्या तुम्ही?

तेव्हापासून रोज संध्याकाळी आमचं हे चाले. कधी मी परभणी सांगे, कधी काहीच सांगत नसे. गल्लीत माझ्याविरुद्ध तक्रारी सुरू झाल्या. शिकलेली बाई असून मुक्या जनावराला डिवचते, चांगला सुधारलेला कुत्रा हिने बिघडवला, असं नाना आमच्या यांना येऊन सांगून गेले. यांनी मला विचारलं की तुला झालंय काय.  असल्या गोष्टी हळू आवाजात समजावून सांगता येत नाहीत.

आप्पा भोळे आहेत, त्यांना काही कळलेलं नाही, असं मी धरून चालले होते. एके दिवशी आभाळ आलेलं होतं, ऊन नव्हतं, म्हणून छत्री घरीच राहिली. कोपऱ्यावर दोघं नेहमीसारखे उभे होते. मी सरळ चालत गेले. वऱ्हाडीने माझ्याकडे पाहिलं, शेपूट हलवली आणि खाली बसला. आप्पांनी माझ्या रिकाम्या हाताकडे पाहिलं. मग इकडेतिकडे कोणी नाही असं बघून, मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता इतक्या हळू आवाजात म्हणाले, "छत्री ली या, बाई. आम्ही आठेच उभा शेतस."

मी मुकाट्याने घरी गेले आणि छत्री घेऊन आले.